जावक क्रमांक नसलेलं परिपत्रक

“काका, आता पाय खाली सोडायचे,” प्रणिता मॅडम म्हणाल्या, आणि अण्णांनी डोळे मिटून घेतले.

ऑपरेशन होऊन वीस तासही झाले नव्हते. मिरजेच्या त्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावरच्या मणक्यांच्या वॉर्डात, माझे वडील भूपाल चौगुले, निवृत्त पी. टी. शिक्षक, टाचा जुळवून आणि दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उताणे पडले होते. पांघरुणाला एक सुरकुती नव्हती. माणूस आडवा होऊनही इतका ताठ राहू शकतो हे बाकीच्या पेशंटना नवीन होतं. मला नव्हतं. आमच्या घरी ताप आला तरी तो रांगेत यायचा.

प्रणिता मॅडम फिजिओथेरपिस्ट होत्या, वयाने माझ्याएवढ्या, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस. त्यांच्या हातात एक तक्ता होता. या हॉस्पिटलात मणक्याच्या पेशंटला ऑपरेशननंतर झोपवून ठेवत नसत. त्याच संध्याकाळी पेज पाजायची, दुसऱ्या सकाळी लघवीची नळी काढून खाटेच्या कडेला बसवायचं, तिसऱ्या दिवशी चालवायचं, पाचव्या दिवशी जिना, आठवड्याने घर. अण्णांच्या तक्त्यातली पहिलीच ओळ कोरी होती. पेज साडेसातला आली, आणि आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर अण्णांनी चाळीस वर्षांत पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मॅडमनी आता दुसरी ओळ काढली होती.

त्या म्हणाल्या, मोठ्या डॉक्टरांनीच उठायला सांगितलंय.

“सांगू देत,” अण्णा डोळे न उघडता म्हणाले. “त्यांना खाट रिकामी करायची असते. स्लिप डिस्कला विश्रांती हाच उपाय. आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिवाप्पा मास्तर तीन महिने फळीवर झोपून होते. पायाचं बोट हलवलं नाही. आज सायकल चालवतात.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी सलाईनच्या बाटलीकडे बघितलं.

स्लिप डिस्क माझी होती. म्हणजे झाली नव्हती मला. मी शोधून काढली होती.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टर कुरण्यांनी मला आणि आईला केबिनमध्ये बसवून सांगितलं होतं की मूळ गाठ मूत्रपिंडात आहे, तिथून ती पाठीच्या मणक्यात उतरलीय आणि मज्जारज्जूवर बसलीय. ऑपरेशन करून दाब काढू, सळ्या घालून मणका पक्का करू, तीन आठवड्यांनी किरणांचा शेक देऊ. बरे होणार नाहीत. वर्षभर मिळेल, कदाचित थोडं जास्त. पण ते वर्ष पायांवर जाईल. “चालते-फिरते राहतील,” ते म्हणाले. “तेवढ्यासाठीच हे सगळं.”

बाहेर आल्यावर आईने माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. “त्यास्नी कळता कामा नये. कळलं की खचतील. शपथ घे.” मी घेतली. मग ती म्हणाली, “मग काय सांगायचं ते तू बघ. तुला जमतंय तसलं.”

मला खरंच जमायचं. इचलकरंजीत माझं फ्लेक्स बोर्डांचं दुकान होतं. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. चेहरा तोच, चौकट बदलायची. स्लिप डिस्क मी विचारपूर्वक निवडली. घरंदाज आजार. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात एकाला तरी होतीच, नसली तर लोक चौकशी करायचे. मी अण्णांना कागदावर चित्र काढून दाखवलं: हा मणका, हा मणका, मधली ही गादी, ती अशी सरकलीय. दोन्ही बाजूंना बाण काढले. अण्णा म्हणाले, “चित्र बरं काढतोस.” आयुष्यात त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक. त्यामुळे मी एक बाण आणखी काढला.

एकच गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. अण्णांना एखादा आजार दिला की ते तो नियमाप्रमाणे पाळतील.

मोठे डॉक्टर, म्हणजे कुरणे, सकाळी यायचे आणि उठायला सांगायचे. अण्णा “हो सर” म्हणायचे. डॉक्टर दाराबाहेर गेले की हात पुन्हा मांड्यांना. एकदा मॅडम आणि वॉर्डबॉयने मिळून त्यांना कडेला बसवलं. पाठीत कळ गेली, कपाळावर घाम आला. आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती म्हणाली, “सोडा की ओ. माणूस दुखतंय म्हणतंय आणि तुम्ही बसवताय.” अण्णा दुखतंय म्हणाले नव्हते. ते म्हणाले, “बघितलंस सन्मती? गादी हलली.”

मॅडमनी मला व्हरांड्यात बोलावलं. ओरडल्या नाहीत. मणक्यात सळ्या आहेत, तो आता भिंतीसारखा आहे, हलणार नाही, असं त्यांनी मला नीट समजावलं. झोपून राहिल्याने काय होतं तेही. मांड्या आटतात, छातीत कफ बसतो, पायात रक्त साकळतं, आणि तीन आठवड्यांनी माणूस शेक घेण्याच्या लायकीचा राहत नाही. मग गाठ परत वाढते आणि पाय जातात.

“कुणाला काय सांगायचं ते घरच्यांनी ठरवावं असं इथे चालतं,” त्या म्हणाल्या. “मी त्यात बोलत नाही. पण तुमच्या वडिलांना मी उठवू कशी? ते त्यांच्या आजाराप्रमाणे बरोबर वागतायत.”

मी म्हटलं, मी काहीतरी करतो.

शेजारच्या खाटेवर दस्तगीर नदाफ होता. इचलकरंजीतच जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. पंचेचाळिशीचा, आठवीपर्यंत अण्णांच्या हाताखाली. तोच डॉक्टर, तेच ऑपरेशन, एक दिवस आधी, आणि त्याला स्वतःचं सगळं माहीत होतं. मी पहिल्याच दिवशी त्याच्या कानात सांगून ठेवलं होतं की अण्णांची स्लिप डिस्क आहे. तो म्हणाला, “मग माझी बी तीच म्हणायची का? एका ऑपरेशनला दोन आजार कसे सांगणार?”

अशी दस्तगीरलाही स्लिप डिस्क झाली. आणि तो चालायचा. लोखंडी घोडा धरून, दात खाऊन, वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अण्णांना ते बघवेना. “नदाफ, शिस्त नाही तुला. शाळेतही नव्हती. गादी सरकली की माझ्याकडे येऊ नकोस.” दस्तगीर मान खाली घालून “चुकलं सर” म्हणायचा आणि पुढची फेरी मारायचा.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी, शनिवारी, मी परिपत्रक आणलं.

कल्पना माझी, छपाई माझ्या दुकानातली. वर गोल बोधचिन्ह, त्याखाली ‘अखिल मणका आरोग्य मंडळ’, विषय: स्लिप डिस्क शस्त्रक्रियेनंतर रुग्णास पहिल्या दिवशीच उभे करणेबाबत. संदर्भ एक, दोन, तीन. खाली सही, तीही मीच केली, डाव्या हाताने. चौतीस वर्षं जो माणूस परिपत्रकांवर जगला तो परिपत्रकाने उठेल, असा माझा हिशोब होता. आजही मला वाटतं की कल्पनेत खोट नव्हती.

अण्णांनी चष्मा मागितला. कागद डोळ्यांवर धरून दोनदा वाचला, मागची बाजू बघितली आणि मला परत दिला.

“जावक क्रमांक नाही.”

मी म्हटलं, मजकूर तर बघा.

“जावक क्रमांक नसलेल्या कागदावर मी शाळेची घंटासुद्धा वाजवली नाही कधी. ऑफिसातून बाहेर पडल्याची नोंदच नाही, तो कागद कुणीही दिला असेल.”

मी रविवारी दुकान उघडून परिपत्रक पुन्हा छापलं. जावक क्रमांक ४१७, दिनांक, गोल शिक्का, थोडा पुसट, खरा वाटावा म्हणून. सोमवारी सकाळी दिलं. अण्णांनी ते पहिल्यापेक्षा जास्त वेळ वाचलं. मला आशा वाटली. मॅडमही दारात थांबल्या होत्या.

“कालची तारीख आहे,” अण्णा म्हणाले. “काल रविवार. रविवारी कुठलं ऑफिस परिपत्रक काढतं?”

त्यांनी कागदाची घडी घालून उशाखाली ठेवली. दस्तगीर पांघरुणात तोंड घालून हसत होता. मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी अण्णांच्या मांडीला टेप लावून माप घेतलं, मागच्या बुधवारच्या मापाखाली लिहिलं आणि मला दाखवलं. मग दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

त्याच दुपारी दस्तगीर घरी गेला. जाताना त्याने अण्णांचे पाय धरले, वाकून नाही, वाकता येत नव्हतं, खाटेला हात टेकवून. अण्णा म्हणाले, “घाई केलीस. भोगशील.” तो बरं म्हणाला. जिन्यापर्यंत मी त्याची पिशवी घेऊन गेलो. पहिली पायरी उतरण्याआधी तो थांबला.

“माझ्या बायकोनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं,” तो म्हणाला. “लई शिव्या घातल्या मी तिला. म्हटलं, तुला लाज कशी वाटत नाही. पण उठलो बघ. दिवस थोडे आहेत म्हटल्यावर कोण लोळतंय? सरांना वाटतंय, दिवस लई आहेत. तू वाटायला लावलंस.”

मी म्हटलं, आईची शपथ आहे.

“मग शपथेला चालव की वॉर्डात,” तो म्हणाला, आणि कठडा धरून उतरायला लागला.

त्यानंतर मी आणखी तीन दिवस घालवले. शिवाप्पा मास्तरांना फोन करून, त्यांनी अण्णांना चाला म्हणून सांगावं अशी गळ घातली. मास्तर आता पंच्याऐंशीचे होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी फोनवर अण्णांना पंधरा मिनिटं फळीचे फायदे सांगितले. बुधवारी अण्णांना थोडा ताप आला. छातीत घरघर होती.

गुरुवारी सकाळी आई नेहमीसारखी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, दर्शनाला गेली. ती पाऊण तासाने यायची. मी स्टूल ओढून अण्णांच्या कानाजवळ बसलो.

“अण्णा, तुम्हाला स्लिप डिस्क नाही.”

ते छताकडे बघत होते. “मग?”

“कॅन्सर आहे. मूत्रपिंडातून मणक्यात आलाय.”

 त्यांनी चष्मा मागून डोळ्यांवर चढवला. मग विचारलं, कुणाकुणाला माहीत आहे. मी सांगायला लागलो. आईला. सख्ख्या मामाला. नदाफला. वॉर्डातल्या सगळ्यांना, झाडूवालीसकट. गल्लीतही.

“म्हणजे मला सोडून.”

“शिवाप्पा मास्तरांना पण नाही,” मी म्हटलं. माझं तोंड तसंच आहे. त्याला वेळकाळ नाही.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. किती दिवस, असं त्यांनी विचारलं. मी वर्षभर म्हणालो. आणि ही बाई उठवत का होती? मी ते सगळं सांगितलं: मांड्या, छाती, रक्त, शेक. ते हजेरी घेताना ऐकायचे तसं ऐकत होते, कोण आहे आणि कोण नाही.

“दुखतंय म्हणून मी पडून नव्हतो,” ते म्हणाले. “तू सांगितलेल्या आजाराला पडायचं असतं, म्हणून पडलो होतो. खरं सांगितलं असतंस तर पहिल्या दिवशी उठलो असतो.”

मला माहीत होतं. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“बाईंना बोलाव,” ते म्हणाले. मी उठलो तसा त्यांनी माझा शर्ट धरला. “आणि मला कळलंय, हे आईला कळू देऊ नकोस. खचेल ती. शपथ घे.”

मी घेतली. माझ्याकडे आता दोन्ही बाजूंच्या शपथा होत्या.

प्रणिता मॅडम धावतच आल्या. अण्णांनी स्वतः पाय खाली सोडले. उभे राहिले तेव्हा सगळा भार लोखंडी घोड्यावर होता, पण मान ताठ होती. पंधरा सेकंद. शुक्रवारी ते चार पावलं चालले. आई दारातून आत आली आणि तिथेच थिजली. अण्णा तिला म्हणाले, “नवीन परिपत्रक आलंय. चालायला परवानगी आहे.” तिने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. शनिवारी सात पावलं. मॅडमनी तक्त्यात लिहिलं आणि खाली कुणाला न विचारता बरोबरची खूण केली, ठळक.

रविवारी सकाळी डावी पोटरी सुजलेली होती. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू होतीच. दहा वाजता अण्णांना दम लागला, सव्वादहाला त्यांचे ओठ निळे पडले. पायात साकळलेली गुठळी फुप्फुसात गेली होती. ते वाचले. बारा दिवस अतिदक्षता विभागात राहिले, आणि शेक देण्याच्या तारखेला त्यांच्यात शेक सोसण्याइतकं काही उरलं नव्हतं. डॉक्टर कुरण्यांनी तारीख पुढे नेली, मग आणखी पुढे. तेवढ्यात गाठ पुन्हा मज्जारज्जूवर बसली. एका सकाळी अण्णांनी मला विचारलं, माझे पाय पांघरुणाच्या आत आहेत की बाहेर.

एकूण अकरा पावलं.

घरी आणलं त्यानंतर ते साडेचार महिने होते. पुढच्या खोलीत, खिडकीजवळ. आई रोज सकाळी त्यांचं अंग पुसताना सांगायची की स्लिप डिस्कला वेळ लागतो, दिवाळीपर्यंत हिंडाल. अण्णा म्हणायचे, शिवाप्पाला तीन महिने लागले, मला पाच धर. मी त्यांच्यामध्ये उशी घेऊन उभा असायचो. दोघं एकमेकांना सांभाळत होते आणि मी दोघांचा खोटारडा होतो.

एकदा आईने बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले, आठ नंबरचे, उठल्यावर घालायला. अण्णांना कंबरेखाली काही कळत नव्हतं. ते म्हणाले, घाल बघू. तिने पलंगावर बसून त्यांच्या पायांत बूट घातले, नाड्या बांधल्या. अण्णांनी जरा विचार केल्यासारखं केलं.

“उजवा चावतोय थोडा. नऊ नंबर आण.”

ती बदलून आणायला गेली. दोन दिवस तिची स्वारी खुशीत होती. बूट चावतोय म्हणजे पायात जीव येतोय, असं तिने गल्लीत सांगितलं. त्या दिवशी ती बाजारात गेल्यावर अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले. मी काहीतरी विनोद करायला गेलो. ते म्हणाले, “सन्मती, आज नको.”

दिवाळीच्या आधी आठ दिवस ते गेले. अंत्ययात्रेला दस्तगीर आला होता. चालत. स्मशानापर्यंत आणि परत.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं आणि माणसं घरी बसायला आली. आई भिंतीला टेकून बसली होती, रडून झालेली. प्रत्येकाला ती तेच सांगत होती, की एकच समाधान आहे. “शेवटपर्यंत त्यास्नी कळलं नाही. बूट मागत मागत गेले. ह्या पोरानं निभावलं सगळं. कागद काय छापून आणले, काय नि काय. तोंडावर कधी दिसू दिलं नाही.” आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची. बायका माझ्याकडे बघून डोळे पुसायच्या. मुलगा असावा तर असा, असंही एकीने म्हटलं.

अण्णांचे लांबचे मेहुणे आप्पासाहेब खोत जयसिंगपूरहून आले होते. ते जरा पुढे सरकले. त्यांच्या थोरल्या भावाच्या मणक्यात परवाच तसलंच निघालं होतं. पुढच्या सोमवारी ऑपरेशन. घरात सगळे हबकलेत, भावाला काय सांगावं कुणाला सुचत नाही. “तुम्ही कसं जमवलं ते सांग की,” ते मला म्हणाले. “तू काय सांगितलं होतंस?”

आई माझ्याकडे बघत होती. तिचा हात माझ्या पाठीवर होता.

मी म्हटलं, “स्लिप डिस्क.”

“चालतंय होय ते?”

“चालतं,” मी म्हटलं. “चित्र काढून दाखवायचं. कुणाला संशय येत नाही.”

आप्पासाहेबांनी मान डोलावली आणि चहा संपवला. मी त्यांना सोडायला म्हणून उठलो. फाटकाशी त्यांनी स्कूटर काढली, किल्ली लावली. मी हँडल धरलं.

“मामा, आत बोललो ते करू नका. त्यांना खरं सांगा. ऑपरेशनच्या आधी सांगा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठवतील, तेव्हा उठू दे. कितीही दुखलं तरी.”

त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. मी दोन दिवस झोपलो नव्हतो, तसा दिसतही असणार. त्यांनी विचारलं, “तू सांगितलं होतंस तुझ्या वडिलांना?”

“सांगितलं. नऊ दिवस उशिरा.”

“म्हणजे भूपालला माहीत होतं?”

“हो.”

त्यांनी घराकडे बघितलं. दारातून आई दिसत होती, नवीन आलेल्या कुणाला तरी तेच समाधान सांगत असलेली. आप्पासाहेबांनी किल्ली पुन्हा फिरवून स्कूटर बंद केली आणि हळू आवाजात विचारलं, “मग तुझी आई हे काय सांगत बसलीय सगळ्यांना?”

“तेवढं तिला कळू देऊ नका,” मी म्हटलं. “खचेल ती.”